कुकीज पुसल्या, पासवर्डही गेले. आता काय करू?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग असा:

‘आमच्या केंद्रात एकच कॉम्प्युटर आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, योजनांचे अर्ज, सगळं त्याच्यावरच. महिनाभरापासून एका पोर्टलवर लॉगिन केलं की पान फिरून फिरून पुन्हा लॉगिनवरच येते, नाहीतर “सेशन एक्स्पायर्ड” दाखवते. भाचा म्हणाला, कुकीज डिलीट कर. मी कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबून सगळ्याच चौकटींत टिक केली. पोर्टल सुरू झालं, पण सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले, माझ्या मोबाईलमधले सुद्धा. त्यातच गर्दीच्या दिवशी दोन कास्तकारांचे फॉर्म दोन टॅबमध्ये उघडले, तर एकाचा बँक खाते नंबर दुसऱ्याच्या अर्जात गेला. कुकीज म्हणजे व्हायरस असतो का? रोज पुसायच्या का? आणि वेबसाइट “अ‍ॅक्सेप्ट” विचारते तेव्हा काय दाबायचं?’

ताई, तुमच्या भाच्याने सांगितलेला उपाय खोटा नव्हता, फक्त फार मोठा होता. एका पोर्टलची कुकी बिघडली होती. तुम्ही अख्ख्या ब्राउझरची झाडलोट केली. कुकी म्हणजे नेमकं काय हे एकदा डोक्यात बसलं, की तुमच्या पत्रातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच जागी येऊन मिळतात.

कापूस घेऊन बंडी किंवा ट्रॅक्टर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, गेला की फाटकावर एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर नंबर असतो. पुढे भरल्या गाडीचा काटा होतो, गाडी खाली होते, रिकाम्या गाडीचा काटा होतो, मग खिडकीवर हिशेब. प्रत्येक ठिकाणी माणूस वेगळा असतो आणि तुम्हाला कोणी ओळखत नसतं. ओळख त्या चिठ्ठीची. चिठ्ठीवर तुमचं वजन नाही, भाव नाही, काही नाही, फक्त नंबर. बाकीचं सगळं त्यांच्या रजिस्टरमध्ये.

वेबसाइटचंही अगदी असंच चालतं. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर (साइट जिथून चालते तो तिकडचा कॉम्प्युटर) ते देतो आणि विसरतो. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी परत अनोळखी. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक नंबर देऊन ठेवतो, आणि त्यानंतर त्या साइटवर केलेल्या प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर तो नंबर आपणहून दाखवत राहतो. हा नंबर म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली या प्रोग्रामरने ही युक्ती ब्राउझरमध्ये आणली. एका प्रोग्रामने दुसऱ्याला दिलेल्या अशा लहानशा खुणेला प्रोग्रामर लोक आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तिथून नाव आलं. बिस्किटाशी तिचा तेवढाच संबंध.

म्हणजे कुकी हा व्हायरस नाही. ती नुसती मजकुराची ओळ आहे, प्रोग्राम नाही. ती स्वतः काही चालवू शकत नाही. एक कुकी साधारण ४ केबीपर्यंतच असते. हजार कुकीज साठल्या तरी ४ एमबीच्या आसपास, म्हणजे मोबाईलवर काढलेल्या एखाद्या फोटोएवढ्या. ‘मोबाईल भरला, कुकीज पुसा’ या सल्ल्यात म्हणून काही दम नाही. जागा खातात व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आणि ब्राउझरचा कॅशे. कॅशे म्हणजे साइटची चित्रं, अक्षरं आणि इतर फाइली पुन्हा पुन्हा डाउनलोड कराव्या लागू नयेत म्हणून जपून ठेवलेली प्रत. ती काही वेळा शेकडो एमबी होते. पण तिचा उपयोगही आहे: टॉवरची एकच कांडी येत असेल तिथे कॅशे पुसला की प्रत्येक साइट पहिल्यांदा जड उघडणार. रोज पुसायची ती वस्तू नव्हे.

आता पोर्टल गरगर का फिरत होतं ते पाहा. काल मिळालेली चिठ्ठी आज जिनिंगच्या काट्यावर दाखवली तर काटेवाला म्हणेल, हा नंबर रजिस्टरमध्ये नाही, फाटकावर जा. फाटकावरचा म्हणेल, तुमच्या हातात चिठ्ठी आहे, काट्यावर जा. पोर्टलवर हेच होतं. ब्राउझर जुना नंबर दाखवतो, आतलं पान तो नाकारून लॉगिनकडे पाठवतं, लॉगिनचं पान चिठ्ठी पाहून परत आत पाठवतं. कधी क्रोम यालाच वैतागून ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ असा संदेश देतं. दुसरा प्रकार म्हणजे ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ आणि खाली ‘रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’: त्या एका साइटच्या इतक्या कुकीज साठल्या, की सर्व्हर तेवढं ओझं घ्यायला तयार नाही. या दोन्हींत कुकी काढली की काम होतं.

पण ‘सेशन एक्स्पायर्ड’ दिसलं म्हणजे दरवेळी कुकीच बिघडली असं नाही. तुम्ही काही मिनिटं काहीच न करता थांबलात तर सर्व्हर आपल्या रजिस्टरमधला नंबर मुद्दाम कापतो, सुरक्षेसाठी. कास्तकार पासबुक आणायला घरी गेला आणि तेवढ्यात सेशन गेलं, यात ब्राउझरचा काही दोष नाही. म्हणून लॉगिन करण्याआधी पासबुक, आधार, फोटो, सगळं स्कॅन करून, लागेल त्या केबीमध्ये बसवून, एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. ओटीपीचा मोबाईल जवळ आहे ना, त्यात रिचार्ज आहे ना, तेही आधीच विचारा. आणखी एक सवय तपासा. लॉगिन झाल्यानंतरचं आतलं पान बुकमार्क करून ठेवलं असेल तर तिथून गेल्यावर ‘सेशन एक्स्पायर्ड’ येणारच. बुकमार्क नेहमी पहिल्या पानाचा करावा.

काही पुसण्याआधी दोष कोणाचा ते ठरवा. याला दोन मिनिटं लागतात आणि निम्मी पुसापुशी वाचते. क्रोममध्ये उजवीकडे वर तुमच्या प्रोफाइलचं गोल चित्र असतं, त्यावर क्लिक करून ‘गेस्ट’ निवडा. नवी खिडकी उघडेल, तिच्यात कुठलीही जुनी कुकी नाही, कॅशे नाही, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) नाही. तिथे तेच पोर्टल उघडून लॉगिन करा. चाललं, तर दोष तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या गोष्टींचा आहे. तिथेही तसंच फिरलं, तर साइटला किंवा नेटला अडचण आहे, आणि तुम्ही घरचं सगळं पुसलं तरी फरक पडणार नाही. ५०२, ५०३, ५०४ हे आकडे दिसले तर सरळ समजा की तिकडचा सर्व्हर दमलाय. शेवटच्या तारखेला हेच जास्त होतं. अशा वेळी पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणं हाच उपाय.

दोष आपल्याकडचा निघाला, की फक्त त्या साइटची कुकी काढायची. पोर्टल उघडा. वर पत्त्याच्या डाव्या टोकाला एक चिन्ह दिसेल: दोन आडव्या रेषा आणि त्यांच्यावर एकेक छोटा गोल. (२०२३ पर्यंत तिथे कुलूप असायचं, जुन्या क्रोममध्ये अजून कुलूपच दिसेल.) त्यावर क्लिक करा, ‘कुकीज अँड साइट डेटा’ उघडा, मग ‘मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा’. साइटची नावं दिसतील, समोर कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह. पुष्कळदा एकाच पोर्टलची दोन-तीन नावं असतात, मुख्य पान वेगळं आणि लॉगिनचं वेगळं. त्या पोर्टलची म्हणून जेवढी दिसतील तेवढी सगळी काढा. ‘डन’ करा. इथे बरेच जण चुकतात: तेच पान रिफ्रेश करतात. तसं नका करू. तो टॅब बंद करा, नवीन टॅब उघडा, पोर्टलचा पत्ता सुरुवातीपासून टाका आणि मग लॉगिन करा.

मोबाईलवरच्या क्रोममध्येही हेच चिन्ह पत्त्याच्या डावीकडे आहे. तिथे ‘कुकीज अँड साइट डेटा’मध्ये जाऊन डब्यावर दाबायचं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग कुकीजच्या भागात ‘मॅनेज डेटा’. तिथे साइटचं नाव शोधून तेवढंच काढता येतं.

कॅप्चाचं चित्रच येत नाही किंवा पान वेडंवाकडं दिसतं, एवढीच तक्रार असेल तर कुकीला हातही लावू नका. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा. ब्राउझर कॅशेतली जुनी प्रत बाजूला ठेवून पान नव्याने आणतो, लॉगिन तसंच राहतं.

तुमचे पासवर्ड का गेले ते आता सांगतो. कंट्रोल-शिफ्ट-डिलीटच्या खिडकीत कुकीज, कॅशे, हिस्ट्री, डाउनलोडची यादी, सेव्ह केलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती, अशा वेगवेगळ्या चौकटी असतात. काही आवृत्त्यांत पासवर्डची चौकट ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात असते. कुकी काढायला त्यातली एकच चौकट लागते: ‘कुकीज अँड अदर साइट डेटा’. पासवर्डच्या चौकटीत टिक केली, आणि क्रोम तुमच्या गुगल खात्याशी सिंक (जोडलेलं) असेल, तर पासवर्ड फक्त कॉम्प्युटरवरून नाही, त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून जातात. मोबाईलमधले गेले ते म्हणून. कुकीज मात्र सिंक होत नाहीत. कॉम्प्युटरवर पुसल्या तर मोबाईलवरच्या जागच्या जागी राहतात.

गेलेले पासवर्ड ब्राउझरमधून परत मिळवता येत नाहीत, तुम्ही आधी त्यांची फाइल काढून ठेवली असेल तरच गोष्ट वेगळी. एकेका पोर्टलवर ‘फरगॉट पासवर्ड’ करून, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन, नवीन ठेवावे लागतील. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या साइटचे दुवे तिथेच येतात. आणि ती खिडकी पुन्हा उघडाल तेव्हा आधी ‘टाइम रेंज’ आणि टिका पाहा: मागच्या वेळी केलेल्या टिका क्रोम लक्षात ठेवतं. म्हणजे पासवर्डची टिक अजूनही तिथे बसलेली असेल. आजच ती काढून टाका.

आता दोन टॅबची गोष्ट. तुमच्या पत्रात ही एका ओळीत आली आहे, पण आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी हिचीच वाटली.

कुकी टॅबची नसते, अख्ख्या ब्राउझरची असते. एका साइटसाठी ब्राउझरच्या खिशात एकच चिठ्ठी. तुम्ही पहिल्या टॅबमध्ये पहिल्या कास्तकाराचं लॉगिन केलं, चिठ्ठी त्याची. दुसऱ्या टॅबमध्ये त्याच पोर्टलवर दुसऱ्याचं लॉगिन केलं, त्या क्षणी खिशातली पहिली चिठ्ठी जाऊन दुसऱ्याची आली. पण पहिल्या टॅबमधलं पान आपणहून बदलत नाही. तिथे पहिल्याचं नाव तसंच दिसत राहतं. तुम्ही विश्वासाने त्याच्या पासबुकावरचा खाते नंबर भरता, ‘सेव्ह’ दाबता, आणि ब्राउझर सोबत पाठवतो ती चिठ्ठी दुसऱ्याची. पोर्टलला डोळे नाहीत. ते नंबर पाहतं आणि दुसऱ्याच्या अर्जात पहिल्याचं खातं लिहून ठेवतं. तुमची नजर चुकली नाही, हात चुकला नाही, तरी अर्ज चुकला.

म्हणून एका ब्राउझरमध्ये एका पोर्टलवर एका वेळी एकच माणूस. अगदीच दोन लागले, तर एक क्रोममध्ये आणि दुसरा फायरफॉक्समध्ये किंवा एजमध्ये. प्रत्येक ब्राउझरचा खिसा वेगळा. दोन इन्कॉग्निटो खिडक्या (क्रोमच्या खासगी खिडक्या, ज्यांत हिस्ट्री साठत नाही) उघडून हे जमत नाही, कारण इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या मिळून एकच खिसा असतो. आणि कोणत्याही माणसाचं काम संपलं की टॅबची फुली दाबून पुढच्याला बसवू नका. आधी ‘लॉगआउट’.

लॉगआउट आणि कुकी पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुकी पुसली म्हणजे तुमच्या हातातली चिठ्ठी तुम्ही फाडली. त्यांच्या रजिस्टरमध्ये तो नंबर मुदत संपेपर्यंत उघडाच. लॉगआउट केलं तर साइट आपल्या रजिस्टरमधलाच नंबर कापते. म्हणून क्रम असा: लॉगआउट, मग खिडकी बंद, मग पुसणं.

तुमच्या केंद्राला रोज पुसायची गरज पडू नये अशीच मांडणी करता येते. तुमची स्वतःची लॉगिनं, केंद्राचा आयडी, वॉलेट, हे तुमच्या नेहमीच्या क्रोम प्रोफाइलमध्ये राहू द्या. कास्तकाराचं जीमेल, त्याचं डिजिलॉकर, त्याचं योजनेचं लॉगिन, हे सगळं गेस्ट खिडकीत. काम झालं, लॉगआउट केलं, गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, की त्यांतल्या कुकीज आणि हिस्ट्री आपोआप जातात. इन्कॉग्निटोपेक्षा गेस्ट बरं, याला दोन कारणं आहेत. इन्कॉग्निटोमध्ये तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड समोरच्याला भरून मिळू शकतात, गेस्टमध्ये नाही. शिवाय इन्कॉग्निटोमध्ये क्रोम दुसऱ्या साइटच्या कुकीज आपणहून अडवतं, त्यामुळे पोर्टलच्या पानातच उघडणारं पेमेंटचं पान कधीकधी अडकतं.

पण गेस्ट आणि इन्कॉग्निटो दोन्हीही एक गोष्ट पुसत नाहीत: डाउनलोड केलेल्या फाइली. कास्तकाराचं आधार, पासबुक, दाखला, सगळं ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहतं आणि पुढच्या माणसाला फाइल अपलोड करताना यादीत दिसतं. प्रिंट निघाली की फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. गावातल्या दोनशे घरांचे आधार तुमच्या एका फोल्डरमध्ये साठले असतील. आज संध्याकाळी केंद्र बंद करण्याआधी तेवढं पाहून घ्या.

कोणाचं जीमेल आधीच उघडं राहिलं असेल आणि तो माणूस गावी निघून गेला असेल, तर त्याला फोन करून सांगा: मोबाईलवर गुगल खात्याची सेटिंग्ज, ‘सिक्युरिटी’, ‘युअर डिव्हाइसेस’, तिथे तुमच्या केंद्राचा कॉम्प्युटर दिसेल, त्यावर ‘साइन आउट’.

पैशांबाबत एक. खात्यातून पैसे कटले आणि पावती आली नाही, अशा अवस्थेत कुकीज पुसू नका, बॅक दाबू नका आणि घाबरून परत पैसे भरू नका. बँकेच्या एसएमएसवरचा रेफरन्स नंबर लिहून घ्या, थोडा वेळ थांबा, नव्याने लॉगिन करा आणि पोर्टलवर पेमेंटची स्थिती पाहा. व्यवहाराची नोंद त्यांच्याकडे असते. तुमच्या कुकीत नसते.

पोर्टल गरगरण्याचं आणखी एक कारण आपल्याकडे हमखास सापडतं, आणि ते कुकीत नसून कॉम्प्युटरच्या डब्यात असतं. लाईन गेली, स्विच बंद केला, परत आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला आणि तारीख काही वर्षं मागे गेलेली. अशा वेळी कुठलीही सुरक्षित साइट धड उघडत नाही. क्रोम ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ म्हणतं. साइटच्या ओळखपत्राची मुदत आणि कुकीची मुदत, दोन्ही तारखेवरून ठरतात. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयासारखी गोल चपटी बॅटरी असते, लाईन नसताना घड्याळ चालू ठेवायला. ती संपली की हे होतं. तिचं नाव सीआर २०३२: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्ट. तालुक्याच्या घड्याळाच्या दुकानातही मिळते. कॉम्प्युटर बंद करून प्लगच काढा, बाजूचं झाकण उघडा, बॅटरीची छोटी पट्टी सरकवली की ती वर येते, नवी बसवताना अधिकची बाजू वर. मग प्लग लावून, खाली उजव्या कोपऱ्यातल्या वेळेवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅडजस्ट डेट अँड टाइम’मध्ये तारीख दुरुस्त करा आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवा. ही बॅटरी वर्षानुवर्षं चालते, म्हणून तिची कोणाला आठवण राहत नाही.

‘अ‍ॅक्सेप्ट’च्या चौकटीबद्दल. कुकीज दोन हेतूंनी ठेवल्या जातात. एक, साइट चालण्यासाठी: लॉगिन, भाषा, अर्धवट भरलेला फॉर्म. दोन, तुमचा माग ठेवण्यासाठी. तुम्ही एका साइटवर फवारणीचा पंप पाहिला आणि मग बातमीच्या साइटवर, पाककृतीच्या साइटवर, सगळीकडे पंपच दिसायला लागला, तर तो या दुसऱ्या जातीचा परिणाम असू शकतो. त्या सगळ्या पानांवर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा असतो आणि तिची कुकी तुम्हाला ओळखते. म्हणून ‘रिजेक्ट ऑल’ किंवा ‘ओन्ली नेसेसरी’ असा पर्याय दिसला तर तोच दाबा; साइट चालते. या चौकटी मुळात युरोपातल्या कायद्यांमुळे आल्या आणि मग जगभर पसरल्या. अ‍ॅपलच्या सफारीने २०२० पासून अशा त्रयस्थ कुकीज पूर्ण अडवल्या. क्रोममधून त्या काढू असं गुगलनेही त्याच वर्षी जाहीर केलं होतं, पण जुलै २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला. त्यामुळे क्रोममध्ये त्या तुम्हालाच बंद कराव्या लागतात. सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘थर्ड-पार्टी कुकीज’, तिथे ‘ब्लॉक’. त्यानंतर एखादं पेमेंटचं पान अडलं, तर पत्त्याच्या उजव्या टोकाला येणाऱ्या डोळ्याच्या चिन्हावरून तेवढ्या साइटला परवानगी देता येते. सरसकट सगळ्याच कुकीज मात्र बंद करू नका. मग लॉगिनच होणार नाही.

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ‘तुमच्या मशीनमध्ये पाच व्हायरस’ अशा चिठ्ठ्या सारख्या येत असतील, तर त्यांचा कुकीशी संबंध नाही. कधीतरी कुठल्यातरी साइटवर नोटिफिकेशनला ‘अलाऊ’ दाबलं गेलंय. ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्या चिठ्ठीतल्या नंबरावर फोन करू नका.

कुकीचा खरा धोका चोरीचा आहे. जिनिंगच्या आवारात पडलेली चिठ्ठी दुसऱ्याने उचलून खिडकीवर दिली तर हिशेबाचे पैसे त्याला मिळतील, तसंच चालू लॉगिनची कुकी कोणी उचलून नेली तर तो पासवर्ड आणि ओटीपी न देता आत शिरतो. हे काम करणारे प्रोग्राम बहुधा फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर येतात: फोटो बसवायचं, पीडीएफ जोडायचं, टायपिंगचं. केंद्राच्या कॉम्प्युटरवर असं काही असेल तर काढा. संशय आला तर आपल्याकडच्या कुकीज पुसून उपयोग नाही, चोराकडे त्यांची प्रत आहे. दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. उशीर जितका कमी, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची आशा जास्त.

आता राहिला तो चुकलेला अर्ज. हे काम उद्यावर टाकू नका. आधी ज्याच्या अर्जात चुकीचं खातं गेलं त्याला पासबुक घेऊन बोलवा, गेस्ट खिडकीत त्याचं लॉगिन करा आणि अर्ज क्रमांकावरून अर्ज उघडा. अर्ज अजून अंतिम सादर झाला नसेल तर खाते नंबर आणि आयएफएससी दुरुस्त करा. सादर झाला असेल तर मुदतीच्या आत दुरुस्तीचा किंवा अर्ज मागे घेण्याचा पर्याय आहे का पाहा. तोही नसेल तर अर्जाची प्रिंट, पासबुकाची झेरॉक्स आणि साध्या कागदावर लिहिलेला अर्ज, असं त्या योजनेच्या तालुका कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मग उरलेल्या कास्तकाराला बोलवा, म्हणजे ज्याचं खातं भलतीकडे गेलं त्याला. त्याच्या लॉगिनमध्ये जाऊन त्याचा अर्ज आहे का ते आधी बघा. तुम्ही त्याच्यासाठी दाबलेलं ‘सेव्ह’ दुसऱ्याच्या अर्जात गेलं, म्हणजे त्याचा अर्ज मुळात भरलाच गेला नसण्याची शक्यता आहे, आणि त्याला मात्र वाटतंय की आपलं काम झालं.